न हलणारं पाणी

प्रबोधला जाऊन दोन वर्षं होत आली होती, पण परदेशातल्या, समुद्राकाठच्या पासिर रिसच्या त्या फ्लॅटमध्ये तो गेला असं कुणी म्हणत नसे. त्याची आई म्हणू देत नसे. एका रविवारी सकाळी तो नेहमीसारखा कयाक, आपली वल्ह्याची छोटी होडी, घेऊन समुद्रात गेला. संध्याकाळी कयाक सापडली, पश्चिमेला, उलटी झालेली, लाइफ जॅकेट आतच अडकवलेलं. प्रबोध सापडला नाही. शोध बरेच दिवस चालला आणि मग थांबला. घरात उरल्या दोघी, त्याची बायको ऋता आणि त्याची आई, म्हणजे ऋताच्या सासूबाई.

ऋता बुओना व्हिस्टाच्या एका संशोधन संस्थेत काम करत होती. पाण्यातलं बारीक प्लास्टिक उपग्रहाच्या मदतीने शोधायचं, हे तिचं काम. सासूबाईंनी त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला होता. आकाशात एक डोळा आहे, तो समुद्रावर नजर ठेवून असतो आणि त्याला जे दिसतं ते आपल्या सुनेला कळतं. ऋता घरी आली, चप्पल काढली की त्या विचारत, "आज काय दिसलं गं?"

"पाणी, आई," ऋता म्हणायची.

एका शनिवारी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपवर उपग्रहाचं चित्र उघडून बसली होती. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे काळं काय आहे?"

"तिथे पाणी कमी हलतं. वारा असला की पाण्यावर बारीक लहरी उठतात. प्लास्टिकचे कण आणि त्यांच्याबरोबरचा तेलकट थर जिथे साचतो, तिथे लहरी दबतात. प्लास्टिक एवढं बारीक की उपग्रहाला दिसत नाही, पण दबलेलं पाणी काळं दिसतं."

"मागेही होतं हे. इथेच."

ऋता चमकली. असे डाग भरती-ओहोटीबरोबर सरकतात, विरतात. हा मात्र एका ओसाड बेटाच्या पाठीमागे पुन्हा पुन्हा उमटत होता, चांगला वारा असतानाही. तिच्या ते कधीच लक्षात आलं होतं. ती फक्त बोलली नव्हती.

सोमवारी ऑफिसात तिने संगणकावर त्या रविवारचा वारा आणि प्रवाह घातले. हे काम ती दोन वर्षं टाळत आली होती. प्रबोध जिथून निघाला तिथून तिने संगणकातल्या पाण्यात दोन गोष्टी सोडल्या, एक रिकामी कयाक आणि एक माणूस. कयाक हलकी, पाण्याच्या वर राहणारी. वाऱ्याने तिला पश्चिमेला नेलं, ती खरोखर सापडली तिथेच. माणूस पाण्यात बुडालेला, त्याला वारा कुठला? तो प्रवाहाबरोबर पूर्वेला निघाला, त्याच ओसाड बेटाला वळसा घालून मागे गेला, गोल फिरला आणि तिथेच फिरत राहिला.

ऋताने स्क्रीन बंद केली. सगळ्यांनी कयाकच्या आसपास शोधलं होतं. तीही दुर्बीण घेऊन त्याच किनाऱ्यावर उभी होती. तिकडे, पूर्वेला, पाठ करून.

ती घरी आली. तिचा चेहरा पाहून सासूबाईंनी हातातली भाजी बाजूला ठेवली.

"मला तिथे ने. त्या काळ्या पाण्यापाशी."

"तिथे काही नसेल, आई."

"मग न्यायला काय हरकत आहे?"

चांगीच्या जेटीवरून ऋताने बोट ठरवली. पाण्याचा नमुना घ्यायचाच होता, म्हणून जाळीही बरोबर घेतली. सकाळी वारा जोराचा होता, लाटा बोटीवर आपटत होत्या. सासूबाई पदर घट्ट खोचून बसल्या होत्या. बेट मागे पडलं आणि बोटीचं आपटणं एकदम थांबलं. समोरचं पाणी नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखं होतं. चारही बाजूंना लाटा होत्या आणि मधे हे. तिथे येताच बोटवाल्या म्हाताऱ्या मलय अंकलनी कुणी न सांगता इंजिन बंद केलं.

"हिअर ऑलवेज लाइक धिस लाह," ते तिथल्या बोलीतल्या इंग्रजीत हळूच म्हणाले. "आय डोंट लाइक."

ऋताने जाळी सोडली. सासूबाई काठाशी वाकल्या. त्यांनी हाक मारली, पण ओरडून नाही. ताट वाढून मुलाला आतल्या खोलीतून बोलवावं, तशी.

"प्रबोध, चल रे."

उत्तर कुठून येणार? पण इंजिन बंद असताना बोटीचं तोंड सावकाश वळू लागलं, सासूबाईंची हाक गेली होती त्या बाजूला. भोवऱ्यात बोट वळतेच. ऋताला हे पक्कं ठाऊक होतं, तरी तिने कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. बोट वळली आणि थांबली. सासूबाई बराच वेळ तिकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, स्वतःच्या चेहऱ्यावरून फिरवलं आणि म्हणाल्या, "चल आता."

जाळीत राखाडी गाळ आला. त्यात रंगीत कण होते आणि केसांसारखे धागे.

प्रयोगशाळेत अशा नमुन्यावर आधी एक द्रव ओततात. शेवाळ, कातडी, केस, जे जे कधी जिवंत होतं ते त्यात विरघळून जातं. उरतं ते प्लास्टिक, मग ते मोजायचं. ऋताने हे काम शेकडो वेळा केलं होतं. त्या दिवशी तिने द्रवाची बाटली उचलली आणि तिचा हात हवेतच राहिला. शेजारच्या टेबलावरची अदिती म्हणाली, "मी करू का?"

"नको," ऋता एवढ्या जोरात म्हणाली की अदिती दचकली. "ते राहू दे. तसंच राहू दे."

ती घरी आली तेव्हा दारातच मोगऱ्याचा वास आला. सासूबाई एकट्या टेक्काच्या बाजारात जाऊन हार घेऊन आल्या होत्या. कपाटात ठेवलेला प्रबोधचा फोटो बाहेर निघाला होता आणि हार त्यावर घातलेला होता. आज काय दिसलं, हे त्यांनी विचारलं नाही.

"हात धू," त्या म्हणाल्या. "गरम आहे तोवर जेवून घे."

ऋता तिथेच खाली बसली. "आई, मला नाही जमणार हे. एवढ्यात नाही."

सासूबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "मग नको करूस. मी केलंय."

पुढे अदितीने त्याच जागेहून दुसरा नमुना मागवला. त्यात अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त प्लास्टिक निघालं. संस्थेत आनंद झाला, उपग्रहाचं म्हणणं खरं ठरलं होतं. ऋताचंही अभिनंदन झालं. तिच्या नमुन्याची बाटली मात्र प्रयोगशाळेतल्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तशीच आहे. कधीकधी ती दार उघडून बघते. कण वर तरंगत असतात, बाकीचं सगळं तळाशी गेलेलं असतं. थंड हवा पायांवर येत राहते. मग कुणाची तरी चाहूल लागते, आणि ती बाटलीला हात न लावता दार लावून घेते.