इंजिन चालू असताना

बनुबाईला नवऱ्याला एकच गोष्ट सांगायची होती आणि वर्षभर तिला ती सांगता येत नव्हती. हंबीरराव ब्रह्मदेशातून परतला तो दोन्ही कान गमावून. दारूगोळ्याची लॉरी त्याच्या शेजारीच उडाली होती. बोलणं मात्र शाबूत होतं, जरा जास्तच शाबूत. आमटीत मीठ कमी पडलं की ते अख्ख्या आळीला कळायचं. त्याला मात्र कुणाचंच काही कळत नव्हतं.

सांगायचं होतं ते मुलीबद्दल. तो पलटणीत गेला तेव्हा बनुबाईला दिवस गेले होते. मुलगी झाली, चालायला-बोलायला लागली आणि तापाने गेली. बापाने तिला पाहिलंच नाही. सासूने कुणाकडून तरी पलटणीत कळवलं ते एवढंच, की बनू माहेरी जाऊन बसली आणि तिथं पोर दगावली. असं कळल्यावर माणूस बायकोला काय समजेल? हंबीरराव घरी आला, पण त्याने विषयच काढला नाही. त्या गप्प बसण्याचा तिला जाच व्हायचा. तिला लिहिता येत नव्हतं, आणि दुसऱ्याकडून लिहून घ्यावं तर तो सासरच्या उंब्रजचाच, म्हणजे सासूच्या कानावर गेलंच समजा.

खरं तर अशा नवऱ्याशी बोलायला तिच्याइतकी तयार बाई शोधून सापडली नसती. तिचं माहेर तासगावजवळच्या एका खेड्यात. थोरला भाऊ नाथाजी जन्माचा बहिरा, त्यामुळे घरातली सगळी माणसं हातांनी बोलायची. भांडायचीसुद्धा हातांनीच. पण हंबीररावासमोर तिने पहिल्यांदा हात हलवले आणि तो उखडला.

"ह्ये नगं माझ्यापुढं. मी मुका न्हाई."

कान गेल्याचं दुःख होतंच, पण लोक आपल्याला मेव्हण्याच्या पंगतीला बसवतील याची त्याला जास्त धास्ती होती. बनुबाईने हात आवरले.

लढाई संपली, आणि फौजेतून सुटून आलेल्या शिपायांसाठी सांगलीत मोटारदुरुस्तीचा वर्ग निघाला. हंबीरराव पलटणीत ड्रायव्हर होता, त्याला प्रवेश मिळाला. दोघांनी गावभागात एक खोली घेतली. शिकवायला विष्णुपंत मास्तर होते. ते फळ्यावर चित्र काढत तोवर हंबीररावाला सगळं समजायचं. चित्राकडे पाठ करून बोलायला लागले की तो खिडकीबाहेर बघत बसायचा.

एके दिवशी दुपारी बनुबाई भाकरी घेऊन पत्र्याच्या शेडपाशी गेली. आत एका लॉरीचं इंजिन धडधडत होतं. पत्रे थरथरत होते, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. विष्णुपंतांनी तळहात वर नेला की लॉरीत ड्रायव्हरच्या जागेवर बसलेला हंबीरराव इंजिनचा जोर वाढवायचा, खाली आणला की कमी करायचा. त्यांनी हात आडवा फिरवला तेव्हा त्याने इंजिन बंद केलं. मग ते पुन्हा सुरू झालं, आणि भोवतीची माणसंही हातांनी काहीबाही सांगू लागली. तिचा नवरा हसत हसत त्यांना हातांनीच उत्तरं देत होता.

बनुबाईचं डोकंच फिरलं. म्हणजे इथं चालतं! इंजिन चालू असताना सगळेच बहिरे, मग लाज कुणाची कुणाला? भाकरी दारातच ठेवून ती तरातरा खोलीवर आली.

संध्याकाळी हंबीरराव जेवता जेवता गिअरबॉक्सबद्दल भिंती हादरतील असं बोलत होता. ती समोर बसली आणि तिने हात आडवा फिरवला. इंजिन बंद.

तो अर्ध्या शब्दावर थांबला. मग खो-खो हसला. त्या खोलीत तो पहिल्यांदाच हसत होता. हे तू कधी बघितलंस, असं त्याने विचारलं, पण उत्तर द्यायला तिला सवड नव्हती. तिने लहान पोराची उंची दाखवली, मुलगी म्हणून कुंकवावर बोट ठेवलं, आणि पोरीला छातीशी धरल्यासारखे हात केले.

त्याचं हसू गेलं. आता हा तोंड फिरवणार, अशी तिला भीती वाटली. त्याने तोंड फिरवलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. त्याने ताट बाजूला सारलं.

"हळू सांग," तो म्हणाला. एरवी कधी न निघणारा बारीक आवाज निघाला.

तिने सांगितलं. पंचमीला माहेरी गेले, तिथं पोरीला ताप चढला. पाऊस लागून राहिला होता, बैलगाडी ओढ्यात रुतली. मी आणि नाथाजीने तिला आळीपाळीने खांद्यावर घेतलं आणि चिखलातून तासगावला डॉक्टरकडे न्यायला निघालो. डॉक्टरच्या दारात पोचायच्या आधीच ती नाथाजीच्या खांद्यावर गेली. त्यालाच आधी कळलं, कारण मानेवर लागणारा तिचा श्वास थांबला. मी बसले नव्हते. मी पळत होते. त्याला समजलं नाही तिथं तिने पुन्हा सांगितलं.

 हंबीररावाने तिला दोष दिला नाही.

"नाथाजी तिला काय म्हनायचा?"

बहिऱ्याच्या घरात प्रत्येक माणसाची एक खूण असते, तेच त्याचं नाव. बनुबाईने आपल्या डाव्या गालावर बोट टेकवून जरासं फिरवलं. तिथं खळी पडायची. तिच्याकडे बघत हंबीररावाने आरशातल्यासारखं आपलं बोट उजव्या गालाला लावलं.

तिने ते बोट धरून त्याच्या डाव्या गालावर नेलं आणि तिथं टेकवलं.