डावीकडे वळणारी होडी

ताईच्या वडिलांनी पहिली होडी बांधली ती माशांसाठी नव्हेच, घरातल्या कटकटीपासून लांब बसायला. खुर्च्या-टेबलं करणारा साधा सुतार, पण रविवारी तळ्याच्या मधोमध गळ टाकून बसला की काठावरून कितीही हाका मारा, त्याला ऐकू म्हणून येत नसत. हे सुख शेजारपाजारच्या नवऱ्यांच्या ध्यानात यायला महिना लागला. वर्षभरात खुर्च्या बंद झाल्या आणि कारखान्यात नुसत्या होड्या होऊ लागल्या. इतके संसार टिकवणारा माणूस त्या भागात दुसरा झाला नसेल.

पुढे लाकूड जाऊन फायबर आलं. वडिलांमागे कारखाना ताईकडे आला आणि धाकट्या भावाने गाल फुगवून रस्त्यापलीकडे, अगदी समोर, स्वतःची शेड टाकली.

फायबरच्या होडीला आधी लाकडाची एक होडी घडवावी लागते. ती तासून, घासून गुळगुळीत झाली की तिच्यावरून साचा काढायचा, आणि त्या साच्यातून मग हव्या तेवढ्या होड्या. लाकडाचं काम चार महिन्यांचं, साच्याचं आठवड्याचं. धाकट्याने ते चार महिने सरळ गाळून टाकले होते. ताईची नवी होडी तो गुपचूप विकत आणवायचा, तिला मेण चोपडायचा आणि तिच्यावरूनच साचा काढायचा. आणवायचा कोणाकडून, तर स्वतःच्या सासऱ्यांकडून, ज्यांना माशाच्या नुसत्या वासाने मळमळायचं. अकरा होड्या त्याने अशा उचलल्या. रंग तेवढा बदलायचा. ताईला हे केव्हाच कळलं होतं.

यंदा मात्र ताईला हे परवडणारं नव्हतं. हौशी मासेमारांच्या क्लबला वीस होड्या हव्या होत्या आणि दोन्ही कारखान्यांच्या होड्या तळ्यावर चालवून बघणार होते. ताईकडे दोन वर्षांत मोठं काम आलं नव्हतं. हे गेलं की कारखान्याला कुलूप, आणि मग समोरच्या शेडमध्ये धाकट्याच्या हाताखाली नोकरी.

म्हणून तिने दोन लाकडी होड्या घडवल्या. एक सरळ, क्लबला दाखवायला. दुसरीच्या तळाचा कणा तिने दोन बोटं तिरका बसवला. डोळ्यांना काही कळू नये, पण सुकाणू सोडलं की होडी डावीकडे वळलीच पाहिजे. धाकट्याचे सासरे आले तेव्हा तिने साळसूदपणे तिरक्या साच्यातली होडी त्यांच्या गळ्यात मारली. मग तिने कुऱ्हाड घेऊन ती लाकडी होडी आणि तिचा साचा दोन्ही फोडले.

"अगं, तो तुझा सख्खा भाऊ आहे," नवरा म्हणाला.

"म्हणूनच बुडणारी नाही केली."

चाचणीच्या दिवशी ताईची होडी सरळ गेली आणि सरळ परत आली. क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, "छान." मग ते धाकट्याच्या होडीत बसले. तळ्याच्या मध्यावर त्यांच्या गळाला काहीतरी मोठं लागलं, त्यांनी सुकाणू सोडून दोन्ही हातांनी काठी धरली, आणि इंजिन चालूच असल्याने होडी संथपणे गोल फिरू लागली. ताईने हसू दाबायला पदर तोंडाशी धरला.

होडी मासा लागला त्या जागेभोवतीच फिरत राहिली. सेक्रेटरींनी एक मासा काढला, दुसरा काढला, तिसराही काढला.

"सुकाणू धरायलाच नको!" ते काठावर येऊन ओरडले. "वीसच्या वीस अशाच हव्यात!"

"ती माझी होडी आहे," ताई म्हणाली.

"मग साचा दाखवा."

साचा फोडलेला, आणि लाकडी होडीच्या ढलप्यांवर परवाच आंघोळीचं पाणी तापलं होतं. ताई घरी आली आणि भांडी आपटत राहिली. आपल्याच हाताने आपण आपल्याला पाणी पाजलं, याचा तिला इतका संताप आला की डोळे भरून आले.

तिसऱ्या दिवशी धाकटा दारात उभा. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

"ताई, क्लबमध्ये निम्मे लोक डावखुरे आहेत. त्यांना दहा होड्या उजवीकडे फिरणाऱ्या हव्यात."

"मग दे ना करून."

"डावीकडे का फिरते तेच कळत नाही. चारदा मापं घेतली."

"होडी तुझी, आणि तुलाच कळत नाही?"

धाकटा चपलेकडे बघत राहिला. "तुझी आहे. सगळ्या तुझ्याच आहेत. मला लाकडाची घडवता येत नाही, कधीच आली नाही. निम्मं काम तू घे, पण ही दुरुस्त करून दे."

"दुरुस्त कसली? मी मुद्दाम तिरकी केली होती. तुझ्यासाठी."

धाकटा हसू लागला, आणि ताईलाही हसू आवरेना. हसता हसता तो एकदम थांबला.

"ताई, आधीच्या अकरा सरळच होत्या ना?"

ताईने त्याच्या हातात रंधा दिला आणि लाकूड दाखवलं.