शिडीची पालखी

आमच्या ह्यांना आयुष्यात दोनच गोष्टींची भीती वाटते, एक इंजेक्शनची आणि दुसरी तुळशीदासच्या जिभेची. पाच वर्षांपूर्वी आमच्या राजापूरकडच्या गावची पालखी मुंबईकरांच्या भेटीला घाटकोपरला आली होती. एकेका घराला पाच फेऱ्या पालखी नाचवायचा मान असतो. दुसऱ्याच फेरीत ह्यांना धाप लागली आणि चुलतभाऊ तुळशीदासने सगळ्यांदेखत दांडा ह्यांच्या खांद्यावरून काढून घेतला.

"तू आता नुसते हात जोड, लवू," तो म्हणाला. "खांदो आमी देताव."

यंदा डिसेंबरात पालखी पुन्हा येणार असं कळलं. सोबत भावकीचा निरोपही आला, की ह्या खेपेला पाच फेऱ्यांच्या आत पालखी खाली टेकली तर आमच्या घराचा मान कायमचा तुळशीदासकडे जाणार. आम्हाला एकच मुलगी, श्रुतिका. म्हणजे आमच्या घरात खांदा एकच, तोही एकसष्ट वर्षांचा. हे दोन दिवस जेवले नाहीत. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त तुळशीदासचा राग आला.

खरं म्हणजे हा माणूस असा नव्हता. असल्फ्याच्या टेकडीवर आमची खोली होती तेव्हा एकशे बारा पायऱ्या दिवसातून चारदा चढायचा. मग खालच्या बिल्डिंगमध्ये आलो, लिफ्ट मिळाली, आणि ह्यांच्या पायांनी राजीनामा दिला. श्रुतिकाने पावलं मोजणारं घड्याळ आणून दिलं, तर हे सोफ्यावर बसून भजनात टाळ वाजवल्यासारखा हात हलवायचे आणि संध्याकाळी लेकीला सहा हजार पावलं दाखवायचे. जिमला एक दिवस गेले. तिथला पट्टा चालू झाला आणि हे मागच्या मागे खाली उतरले ते थेट घरी.

शेवटी मीच म्हटलं, की जिथे ताकद कमावली होती तिथेच ती परत शोधू. सोसायटीची बांबूची शिडी मागून घेतली. मधोमध दहा-दहा किलो तांदळाच्या दोन पिशव्या बांधल्या आणि त्या सुटू नयेत म्हणून वरून जुनी पांढरी चादर गुंडाळली. दुसरं टोक कोण धरणार, असं हे विचारत बसले. बायकांनी पालखीला हात लावायची आमच्याकडे रीत नाही. मी म्हटलं, शिडीला कसलं आलंय सोवळं, आणि मागचं टोक खांद्यावर घेतलं.

पहाटे सहाला आम्ही टेकडीच्या पायऱ्या चढू लागलो. वीसेक पायऱ्या झाल्या असतील. समोरून येणारा दूधवाला भिंतीला चिकटून उभा राहिला आणि त्याने डोळे मिटून हात जोडले. वरच्या वळणावर आमची जुनी शेजारीण मालन दारात बसली होती. ती चटकन उठली, डोक्यावर पदर घेतला आणि रडवेल्या आवाजात विचारती झाली, "कोण गेलं गं, नलिनी?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बांबूची शिडी, पांढरी चादर आणि खांद्यावर न्यायला दोनच माणसं. मला हसू आवरेना. हे मात्र भलतेच चिडले आणि घरी जायचं म्हणू लागले. मालनला सगळं सांगितलं तेव्हा तिने आधी मला दोन शिव्या घातल्या आणि मग आतून आपली लाल साडी आणून चादरीवर बांधली. वर झेंडूची माळही घातली.

त्यानंतर मात्र आमची शिडी टेकडीवर ठरल्या वेळी निघू लागली. मालनचे गुडघे दुखायचे म्हणून ती मागोमाग हळूहळू चढायची. तिच्या मागे आणखी चार बायका आल्या. वरच्या मोकळ्या जागेत आम्ही फेऱ्या घ्यायचो, कुणीतरी पत्र्याच्या डब्यावर ठेका धरायचं. हे दमले की शिडी तिरकी व्हायची. मी दमले की हे न बघताच ओरडायचे, "नले, मागून उचल गो." दहा आठवड्यांत ह्यांची पँट ढिली झाली आणि माझी साखर उतरली. तिच्यासाठी तर कुणी काही केलंच नव्हतं.

पालखीचा दिवस आला. मैदान भरलं होतं. आमच्या घराचं नाव पुकारलं तेव्हा हे पुढे झाले आणि मागचा दांडा तुळशीदासने घेतला. ह्यांचा फजितवाडा जवळून बघायचा होता त्याला. मी ओटीचं ताट घेऊन बायकांत उभी राहिले, चाळीस वर्षं राहत आले तशी.

एक फेरी झाली, दोन झाल्या. ढोल चढत गेला आणि ह्यांचे पाय डब्याच्या ठेक्यावर पडावेत तसे पडत होते. तिसऱ्या फेरीत मला दिसलं, की तुळशीदासचं तोंड धापेने उघडं राहिलंय. चौथीला त्याचे गुडघे वाकले. पालखी मागे कलली, बायका ओरडल्या. आणि पुढून ह्यांचा आवाज आला, सवयीचा, मागे न बघता.

"नले, मागून उचल गो."

ताट कुणाच्या हातात दिलं ते मला आजही आठवत नाही. पालखी टेकायच्या आत दांडा माझ्या खांद्यावर होता. क्षणभर ढोल थांबला. सगळ्यांनी गुरवाकडे बघितलं. गुरवाने माझ्याकडे बघितलं, मग पालखीतल्या देवीकडे, आणि ढोलवाल्याला मान हलवून खूण केली.

पाचवी फेरी आम्ही दोघांनी घेतली. पालखी शिडीपेक्षा जड होती, पण पायऱ्या नव्हत्या. मला रडू येत होतं आणि माझे पाय नाचत होते. चाळीस वर्षं जिची ओटी भरली ती देवी माझ्या खांद्यावर बसली होती, आणि ती काही रागावलेली वाटली नाही.

तुळशीदास कुर्ल्याला राहतो. चौथ्या दिवशी सकाळी सहाला टेकडीखाली तो उभा होता, पायात नवे कोरे बूट. आमची शिडी येताना पाहून त्याने आधी सवयीने हात जोडले, मग चाचरत पुढे आला.

"खांदो खंयचो देऊ, वयनी?"

"आज नुसत्या पायऱ्या," मी म्हटलं. "शिडीचं पुढच्या महिन्यात बघू."