रविवारी चौदा, मंगळवारी दोन

मी एक जुना नाल आहे. घोड्याचा नव्हे, माणसाचा. आणि माणसाच्याही फक्त डाव्या पायाचा. उजव्या पायाला आमच्या खेळात कुणी विचारत नाही.

मित्रांनो, मातीच्या गोल धावपट्टीवर ज्या मोटारसायकली पळतात, त्यांना ब्रेक नसतो आणि त्या जन्मभर डावीकडेच वळतात. चार स्वार, चार फेऱ्या, मिनिटभराचा मामला. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि चौथ्याला सगळ्यांनी उडवलेली माती. वळणावर गाडी आडवी घसरवायची आणि डावा पाय जमिनीवर टेकवून तोल सांभाळायचा. त्या पायाच्या बुटाखाली पट्ट्याने आवळलेला पोलादाचा तुकडा म्हणजे मी. मातीबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. तिच्याशी अंग घासणारा मी एकटा.

माझा जन्म पोलंडमधल्या एका लहान गावात झाला. भंगारात निघालेल्या ट्रकच्या बंपरमधून तिथल्या क्लबच्या मेकॅनिकने, गेनेककाकांनी, मला कापून काढलं. माझा स्वार सेवेरिन ड्रोझ्देक तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्याचा डावा बूट मेजावर ठेवून काकांनी दोन दिवस मला ठोकलं, वाकवलं, पुन्हा ठोकलं. मग तळाला टणक धातूचा थर चढवला. नवा होतो तेव्हा माझ्यात तोंड बघून दाढी करता आली असती.

मला सेवेरिनच्या हातात देताना काका त्याला लाडाच्या नावाने म्हणाले, "सेवेक, गाड्या बदलतील, इंजिनं बदलतील. हा मात्र तुझ्याबरोबर म्हातारा होईल. फेकलास कुठे तर कान उपटीन, सांगून ठेवतो."

काकांची एक सवय सांगायलाच हवी. सामन्याआधी सगळे स्वार धावपट्टीवरून एक फेरी चालत मारतात. बहुतेक जण खिशात हात घालून, सूर्यफुलाच्या बिया सोलत, एकमेकांच्या खोड्या काढत फिरतात. आमचे काका मात्र मला हातात घेऊन निघायचे. प्रत्येक वळणावर गुडघ्यांना शिव्या घालत खाली बसायचे आणि माझ्या कडेने माती खरवडायचे, जसं बागेत खुरपं चालवतात तसं.

"बघ इथे. वर कोरडी, खाली ओली. दिसतंय का, की डोळे घरी ठेवून आलास?"

"दिसतंय हो काका."

"काय दिसतंय? सांग!"

सेवेरिन सांगायचा, चुकायचा, सगळ्यांसमोर बोलणी खायचा. मग काका मागचं दातेरी चाक बदलायचे, कधी एक दाता जास्त, कधी कमी. संध्याकाळी सेवेरिन जिंकायचा. मी कुरकुरत मातीवरून सरकायचो आणि सगळं गाव टाळ्या पिटायचं. तो वाढत गेला. पंचविशीत देशातल्या पहिल्या दहा स्वारांत त्याचं नाव आलं. तेव्हा मला फार अभिमान वाटायचा. आता थोडा कमी वाटतो, कारण पुढचं सगळं मला माहीत आहे.

आमच्या खेळात मोठा स्वार एका देशात मावत नाही. रविवारी पोलंडमध्ये पळायचं आणि मंगळवारी स्वीडनमध्ये. तिकडे गाडी वेगळी, तिची व्हॅन वेगळी, मेकॅनिक वेगळा. दोन्हीकडे सारखं असायचं ते दोघंच, सेवेरिन आणि मी. सामान हरवलं तर पंचाईत, म्हणून तो मला हातातल्या पिशवीत ठेवायचा आणि विमानतळावरचे लोक दर वेळी मला बाहेर काढून उलटंसुलटं करायचे.

"हे काय हत्यार आहे?"

"जोडा आहे."

"दुसरा कुठाय?"

"दुसरा नसतो."

मग ते एकमेकांकडे बघायचे आणि वरिष्ठांना बोलवायचे.

आता खरं कोडं ऐका. रविवारी पाच शर्यतींत पंधरापैकी चौदा गुण मिळवणारा हा माणूस मंगळवारी दोन गुण घेऊन परत यायचा. कधी तीन. एकदा तर शून्य. पाय तोच, नाल तोच, पोटात परवाचंच सूप, आणि दोन दिवसांत वाघाची शेळी! एक वर्ष नाही, सहा वर्षं. मला रात्रंदिवस हाच प्रश्न.

लोकांकडे उत्तरांची कमी नव्हती. वर्तमानपत्रं म्हणायची, प्रवासाने दमतो. मला ते पटेना. विमानात तो छान घोरायचा. त्याची सासू म्हणायची, तिकडच्या गोड लोणच्यातल्या माशांनी पोट बिघडतं. तो ते मासे खातच नसे. पोलंडमधले टवाळ तर तोंडावर म्हणायचे, "आपल्या गल्लीत काय, कुणीही वाघ असतो!" हे मात्र त्याला लागायचं. त्या दिवशी तो माझा पट्टा जास्तच घट्ट आवळायचा.

मग त्याने एकेक गोष्ट बदलायला घेतली. स्वीडनमधलं इंजिन बदललं. टायर बदलले. हातमोजे बदलले. गाडीचा रंगसुद्धा बदलला. गुण काही बदलेनात. शेवटी, गेल्या जूनमधल्या एका मंगळवारी, एका गुणाच्या सामन्यानंतर त्याने माझ्याकडे पाहिलं.

"हाच जड झालाय," तो म्हणाला आणि मला भंगाराच्या डब्यात टाकलं. पिशवीत कारखान्यात बनलेला नवा, हलका, चकचकीत नाल होता.

मित्रांनो, चौदा वर्षांची संगत अशी टणकन आवाज करून संपली. मी रडलो असतो, पण पोलादाला रडण्याने गंज चढतो.

डब्यातून मला गुनवोरने उचललं. गुनवोर म्हणजे त्या धावपट्टीची मालकीणच म्हणा ना. कागदोपत्री ती कुणीच नव्हती. आठवडाभर टपाल वाटायची आणि उरलेला सगळा वेळ बिनपगारी इथे घालवायची. तिथे क्लब असेच चालतात. ट्रॅक्टर तिचा, पाण्याचा टँकर तिचा, मातीचा शब्द न् शब्द तिला पाठ. तिने मला उलटं करून पाहिलं, अंगठ्याने कड चाचपली, म्हणाली, "अरे वा, खुरपं!"

मी दचकलो. हे दुसऱ्या भाषेतले गेनेककाकाच होते!

तो सगळा उन्हाळा मी तिच्या शेडमध्ये खिळ्यावर टांगलेला असायचो. रोज संध्याकाळी ती मला घेऊन वळणावळणावर माती खरवडायची. सहा वर्षं ज्या मातीवरून मी नुसता सरकत गेलो होतो, तिची आत्ता कुठे ओळख झाली. पोलंडमधली आमची धावपट्टी लांब, रुंद आणि कडक. सगळी सैल माती कुंपणाकडे उडते आणि चाकाला पकड तिथेच मिळते, म्हणून बाहेरून मोठा वळसा घेऊन पळावं लागतं. इथली धावपट्टी आखूड, वळणं तंग. आणि पाइनची उंच झाडं तिसऱ्या-चौथ्या वळणावर सावली धरून उभी. पहिलं वळण उन्हाने भाजलेलं, तिसरं दिवसभर ओलं. एकाच फेरीत दोन देश!

मग मला आठवलं. याच ओल्या वळणावर दर मंगळवारी माझं टोक मातीत रुतायचं आणि सेवेरिनचा गुडघा पिरगळायचा. तो घरच्यासारखाच बाहेरून वळसा घ्यायला जायचा. पण हे त्याला माहीत कसं नव्हतं?

त्याचं उत्तर एका संध्याकाळी शेडमध्येच मिळालं. सेवेरिनचा तिथला मेकॅनिक स्टेलान कॉफी प्यायला आला होता. गुणी माणूस. नट डोळ्यांनी न बघता बोटांनी ओळखायचा. दर मंगळवारी तो सेवेरिनला विचारायचा, "मागचं चाक किती दात्यांचं लावू?" सेवेरिन म्हणायचा, "घरी लावतो तेवढंच." स्टेलान म्हणायचा, "हं."

"दोन दाते कमी पडतात त्याला इथल्या तंग वळणांवर," कॉफी ढवळत स्टेलान म्हणाला.

"मग सांग ना त्याला."

"त्याने विचारलं नाही. एवढा मोठा स्वार. मी कोण शिकवणार?"

"मलाही कधी विचारलं नाही त्याने," गुनवोर म्हणाली. "चालायला येतो तेव्हा कानाला फोन असतो. बन दे आणखी एक."

बस्स! एवढंच! सहा वर्षांचं कोडं दालचिनीच्या बनबरोबर सुटलं. घरी चुकला की त्याला चार माणसांत झापणारं कुणीतरी होतं. इथे सगळे त्याचा मान राखत होते. न विचारता सल्ला देणं त्या लोकांत आगाऊपणा समजतात, आणि विचारणं आमच्या पठ्ठ्याला कमीपणाचं वाटत होतं. दोन्हीकडून सभ्यपणा, आणि मधे माझा सेवेरिन मातीत. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण खिळ्यावरच्या नालाचं कोण ऐकतो?

आणि एक गोष्ट मला नंतर कळली. नवा नाल घालून तो पोलंडमध्ये पूर्वीसारखाच जिंकत होता आणि स्वीडनमध्ये पूर्वीसारखाच हरत होता. म्हणजे मी निर्दोष होतो. काकांनी मात्र "जुना कुठाय?" असं विचारल्यावर त्याने "तिकडे विसरलो" म्हणून थाप मारली होती.

सप्टेंबरमधला शेवटचा मंगळवार उजाडला. संघाचा प्रमुख सेवेरिनजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "पुढच्या वर्षीची यादी उद्या करायची आहे. आज बघू या, काय होतं ते." तिथे याहून कडक बोलत नाहीत. सेवेरिन समजला. तो एकतीस वर्षांचा होता. इथून नारळ मिळाला तर 'गल्लीतला वाघ' हे नाव कपाळावर कायमचं कोरलं जाणार होतं.

सामन्याआधीच्या फेरीत तो तिसऱ्या वळणावर आला, तेव्हा गुनवोर गुडघ्यावर बसून माझ्याने माती खरवडत होती. तो थबकला. फोन कानावरून खाली आला.

"हा... माझा आहे."

"होता," गुनवोर मान वर न करता म्हणाली. "डब्यात टाकलास."

त्याचा चेहरा लाल झाला. मी मनात म्हटलं, विचार! आत्ता विचार! पण तो काहीतरी पुटपुटला आणि चालता झाला.

त्याच्या पहिल्या शर्यतीत तो चौथा आला. तिसऱ्या वळणावर नवा नाल रुतला, गाडी फिरली, आणि तो पडता पडता वाचला. प्रेक्षकांतून कुणी ओरडलंसुद्धा नाही. सॉसेज खाता खाता लोकांनी नुसत्या माना हलवल्या. शिव्या परवडल्या असत्या.

सामन्यातल्या पहिल्या चार शर्यती झाल्या की माती सारखी करायला ट्रॅक्टर निघतो. गुनवोर इंजिन चालू करणार, तेवढ्यात सेवेरिन धापा टाकत शेडमध्ये आला. हेल्मेट काखेत, तोंडावर मातीचा लेप.

"तो नाल द्या मला."

"घे. तुझाच आहे." तिने मला खिळ्यावरून काढलं. सेवेरिनने मला हातात धरलं, पण तो जागचा हलेना. माझ्या कडेवर ओल्या मातीची रेघ होती, दोन बोटं उंच. तो तिच्याकडे बघत राहिला. चौदा वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याने त्याला अशाच रेघा वाचायला शिकवलं होतं.

"ही... तिसऱ्या वळणाची?" त्याने विचारलं.

गुनवोरने चावी सोडून दिली. "आणि ही बारीक, पहिल्याची. पहिल्यावर जा हवं तर बाहेरून. तिसऱ्यावर आत राहा, आतल्या रेघेला चिकटून. थोडा धीर धर, मग गाडी स्वतःच उठते."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सहा वर्षांत पहिल्यांदा विचारलंस, बाळा."

तो धावत स्टेलानकडे गेला. "स्टेलान, मागचं चाक किती दात्यांचं लावू या?"

स्टेलानने त्याच्याकडे पाहिलं, मग उजव्या खिशातून एक दातेरी चाक काढलं. "दोन जास्त. मे महिन्यापासून खिशात घेऊन फिरतोय."

"मे?"

"या वर्षीच्या. मागच्या वर्षीचं घरी आहे."

त्याच्या पुढच्या शर्यतीला पट्टा आवळला गेला आणि मी पुन्हा माझ्या जागी आलो. गुनवोरच्या खुरपणीने मी झिजून पातळ झालो होतो, पण त्या वळणाचा कण न् कण मला ओळखीचा होता. तिसऱ्या वळणावर त्याने पाय आत घेतला, धीर धरला, आणि मी रुतलो नाही. सरकलो! गाडी उठली आणि सुटली. तीन गुण. मग दोन, मग तीन. शेवटच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर माझ्या तळाला तडा गेला. मला कळलं, आपलं संपलं. पण रेघ ओलांडेपर्यंत मी तुटलो नाही. तेही तीन. एकूण अकरा.

संघप्रमुख येऊन म्हणाला, "बरं झालं." तिथे याहून गोडही बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या यादीत सेवेरिनचं नाव होतं.

रविवारी त्याने मला गेनेककाकांपुढे ठेवलं आणि सगळं खरं सांगितलं, डब्यासकट. काकांनी आधी त्याचा कान उपटला. दिलेला शब्द त्यांनी चौदा वर्षं लक्षात ठेवला होता. मग माझी कड डोळ्यांजवळ नेली.

"ही कुणी का असेना, हिने नीट वापरलाय," ते म्हणाले. "डांबरट, तुला तिकडे झापायला माणूस नव्हतं असं नाही. तू दार बंद ठेवलंस."

मित्रांनो, जुन्या वस्तू फेकू नका, हे तुम्हाला बाई वर्गात सांगतातच. मी आणखी थोडं सांगतो. नाल फेकलात तर नवा मिळतो. पण परक्या मातीवर पाय टाकण्याआधी, तिच्यावर रोज राबणाऱ्याला विचारा. तो सांगायला तयारच असतो. नुसता वाट बघत असतो.

आता मी पळत नाही. तडा गेलेल्या नालाला कोण पायात घालणार? पण रविवारी आणि मंगळवारी मी अजूनही पिशवीत असतो, आणि सामन्याआधी सेवेरिन स्वतः गुडघ्यावर बसून मला मातीत घालतो. परवा विमानतळावर एका नव्या अधिकाऱ्याने मला बाहेर काढलं.

"हे काय हत्यार आहे?"

"हत्यार नाही," सेवेरिन म्हणाला. "याने मी विचारतो."