खांद्याची पडताळणी

ताई निर्दोष सुटली.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. अपिलाची मुदत संपेपर्यंत निकाल गोपनीय आहे, आणि मी तो फोडला तर माझी वेगळी चौकशी लागेल. त्या चौकशीचाही निकाल गोपनीयच असेल, म्हणजे मी सुटलो की नाही हे मलासुद्धा कळायची खात्री नाही. तेव्हा आपण असं धरून चालू की अजून काहीच झालेलं नाही. ताईचा फोन चौकशी करणाऱ्या कक्षाकडे जमा आहे आणि शनिवार यायचाय.

ताई बॅडमिंटन खेळते. मी खेळाच्या सामानाच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून रॅकेटना गटिंग करतो, म्हणजे जाळी विणतो. आमच्या घरात एक खेळाडू आणि एक क्रीडासाहित्य, असं आई पाहुण्यांना सांगते. पाहुणे हसतात. मीही हसतो, साहित्याला पर्याय नसतो.

काही महिन्यांपूर्वी ताई म्हणाली, जाळी जरा सैल ठेव. मग म्हणाली, अजून जरा सैल. सैल जाळीवरून शटल कमी जोरातही लांब जातं. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी विचारलं, "ताई, तुला रॅकेट पाहिजे की झोळी?"

तिने दार लावून घेतलं आणि उजवा हात डोक्यामागे न्यायचा प्रयत्न करून दाखवला. हात अर्ध्यावर अडला आणि तिचा चेहरा असा झाला की पुढचा विनोद मी गिळला.

"कोणाला बोलायचं नाही बारक्या. आईला तर नाहीच."

"आणि समोरचीने मागच्या डाव्या कोपऱ्यात उंच शटल टाकलं तर?"

"एका मॅचमध्ये दहा-बारा मारीन. त्याच्यापुढे नाही. पण तिला कुठे माहितीय?"

सगळं या शेवटच्या वाक्यावर उभं होतं. कोच, फिजिओ आणि मी, एवढ्याच तिघांना ठाऊक होतं. शनिवारी संघातल्या शेवटच्या जागेसाठी मॅच होती आणि समोर शिडी होती. शिडी हे तिचं खरं नाव नव्हे, पण तिच्या शेजारी उभं राहिलं की दुसरं नाव सुचत नाही. ताई अठ्ठावीसची. या खेळात या वयाला अनुभवी म्हणतात आणि पुढच्या वर्षी काहीच म्हणत नाहीत.

आता कक्षाबद्दल. मागच्या स्पर्धेत ताई पहिल्याच फेरीत हरली, आणि ती हरणार म्हणून कुठेतरी कोणीतरी बरेच पैसे लावले होते. म्हणून खेळातला भ्रष्टाचार रोखणाऱ्या कक्षाने तिला बोलावलं. का हरलीस, असं विचारलं. तिने खरं ते सांगितलं. मग प्रश्न आला की हा खांदा आधीपासून कोणाकोणाला माहीत होता. खेळाडूची लपवलेली दुखापत म्हणजे आतली माहिती, आणि आतली माहिती बाहेर गेली की सट्टेवाल्यांचं फावतं. तिने फोन दिला. पडताळणीच्या मॅडम म्हणाल्या, "निश्चिंत राहा. ही माहिती या खोलीबाहेर जाणार नाही." ताईने नंतर सांगितलं की ती खोली नव्हतीच, नुसतं पार्टिशन होतं. वरून उघडं.

सोमवारी आईला कक्षातून फोन आला. ती भांडी पुसत होती म्हणून स्पीकर लावला. ताई आणि मी समोरच जेवत होतो.

"एका महिला खेळाडूच्या उजव्या खांद्याला दुखापत असून तिला मागच्या डाव्या कोपऱ्यातलं उंच शटल मारता येत नाही, हे आपल्याला आधी माहीत होतं का? हो किंवा नाही."

"कुठली खेळाडू?"

"नाव गोपनीय आहे."

"माझी मुलगी खेळते."

"ते मला कळता कामा नये. आपण कोण आहात हेही मला माहीत नाही. हो किंवा नाही?"

"नाही," आई म्हणाली. हातातला फडका तिने ओट्यावर ठेवला.

"धन्यवाद. मात्र आता ही माहिती आपल्याकडे आहे. ती कोणाला सांगितली किंवा वापरली तर कारवाई होईल. आपला दिवस चांगला जावो."

आईने ताईकडे बघितलं. ताई ताटाकडे बघत होती.

"मला काही बोलता येणार नाही, कारवाई होईल," आई म्हणाली. "पण तो पाण्याचा जग उचललास तर बघ."

मंगळवारी ताईचे केस कापणाऱ्या बाईंना फोन आला. त्यानंतर घरमालकाला. घरमालक जिन्यात मला गाठून म्हणाला, "तुझ्या बहिणीचं समजलं. म्हणजे समजलं नाही. पण जिन्याचा कठडा डाव्या बाजूला आहे, तिला सांग." दुपारी दाताच्या डॉक्टरांकडून निरोप आला की खांदा हा त्यांचा विषय नाही, तरी काळजी घ्यावी.

बुधवारी माझी पाळी. मी मशिनवर एका गिऱ्हाइकाची रॅकेट ताणून धरली होती. मॅडमनी तोच प्रश्न तसाच्या तसा वाचला. मी हो म्हटलं. तुम्हाला कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जाळीने. त्यांनी टिपून घेतलं. मग मी विचारलं, "मॅडम, तुम्ही फोन नक्की कोणाकोणाला करताय?"

"खेळाडूच्या फोनमधल्या सर्व संपर्कांना."

"म्हणजे कोणाला?"

"ते आम्हाला माहीत नसतं. लोकांचा खासगीपणा जपायला आम्ही सगळी नावं काढून टाकतो. उरतात फक्त क्रमांक. आपण एकशे दोन."

आई, केसवाल्या बाई, घरमालक, दातवाले, मग बारक्या. नावं पुसण्याआधी यादी कोणीतरी नीट अकारविल्हे लावून ठेवली होती. मशिनवरची तार तुटली, गालाला चाटून गेली, आणि ती तुटल्याचं मला गिऱ्हाइकाने सांगितलं. ताईच्या फोनमध्ये शिडीचा नंबर होता. मागे दोघी जोडीने डबल्स खेळायच्या तेव्हाचा. आणि ताईने तो शिडी म्हणूनच ठेवला होता.

मी दुकान तसंच टाकून कक्षात गेलो. पार्टिशनमागे मॅडम बसल्या होत्या. वयाने माझ्याएवढ्याच, आवाज फोनवर होता तितकाच मऊ. टेबलावर काही म्हणजे काही नव्हतं. टेबल स्वच्छ ठेवायचा त्यांचा नियम होता. पाण्याच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा काढलेलं होतं.

"एका संपर्काला फोन करू नका," मी म्हटलं. "ती शनिवारी..."

त्यांनी हात वर केला. "नाव घेऊ नका. नाव घेतलंत तर संपर्काची ओळख उघड होईल. क्रमांक सांगा."

"क्रमांक मला कसा कळणार?"

"कळता कामाच नये."

"मग ती समोरची खेळाडू आहे एवढं तरी..."

"हे मी ऐकलेलं नाही." आणि खरंच त्यांनी ते ऐकलेलं नव्हतं. असं न ऐकणारं माणूस मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही. चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही.

"अहो, सगळ्या गावात तुम्हीच सांगत सुटलाय. आम्ही तिघं तोंड दाबून बसलो होतो."

"आम्ही सांगत नाही, विचारतो. आणि विचारल्यावर प्रत्येकाला गप्प राहायची ताकीद देतो. आतापर्यंत शंभराहून अधिक लोकांनी गोपनीयता पाळायचं मान्य केलंय. यापूर्वी हा आकडा तीन होता."

मी दुसऱ्या बाजूने विचारलं.

"सगळेच फोन थांबवले तर?"

"चौकशी अपुरी राहील. अपुरी चौकशी असलेल्या खेळाडूला शनिवारी कोर्टवर उतरता येत नाही." मग पहिल्यांदाच आवाज खाली करून त्या म्हणाल्या, "मला खरंच वाईट वाटतंय. पण नेमकं कोणाबद्दल, हे मला माहीत नसणंच योग्य."

गुरुवारी मावशी. मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही. माझ्या नापास होण्याची बातमी शाळेच्या आधी तिने दिली होती. तिने आईला फोन केला आणि पाच मिनिटं नुसती श्वास घेत राहिली.

"अगं बोल की," आई म्हणाली.

"मला काही माहीत नाही. आणि जे माहीत आहे ते सांगता येत नाही. तूच विचार मला."

"मलाही विचारता येत नाही."

"तुलाही आला होता? कशाबद्दल?"

"ते सांगितलं तर कारवाई होईल."

"मग बरोबर, तेच," मावशी म्हणाली. "शेकायला सांग तिला. कशाला ते मी बोललेली नाही."

जन्मभरात तिने जपलेलं हे पहिलं गुपित, आणि तेही सगळ्यांना ठाऊक असलेलं.

म झालं होतं. य, र, ल, व, आणि मग श. मी ताईला ही सगळी चढण सांगितली. ती बर्फाची पिशवी खांद्यावर धरून पलंगावर बसली होती.

"शिडीला मीच फोन करू? म्हणावं, अनोळखी नंबर उचलू नकोस," मी म्हटलं.

"का म्हणून विचारेल. काय सांगशील?"

"काहीतरी फेकीन."

"मॅचच्या आधी समोरचीला माझ्या भावाचा फोन. कक्षाला हेच तर हवंय." मग म्हणाली, "ती अनोळखी नंबर उचलत नाही. डबल्सच्या वेळी माझासुद्धा उचलायची नाही."

एवढ्या आधारावर आम्ही शुक्रवार काढला. शुक्रवारी कोणाचाच निरोप आला नाही. लोक गप्प राहायला शिकले की फोन थांबले, ते कळायला मार्ग नव्हता. माझा जीव टांगणीला लागला होता आणि मी चार रॅकेटना उलटं गटिंग केलं. उलटं गटिंग असा प्रकार नसतो. मी तो करून दाखवला.

शनिवारी हॉलच्या दारात वॉचमनने ताईची किटबॅग स्वतःहून काढून घेतली. "द्या ताई. मी काही विचारत नाही. विचारायचं नाही म्हणून सांगितलंय." ताईच्या फोनमध्ये तो हॉलचा वॉचमन म्हणून होता.

ह म्हणजे श कधीच झालं.

ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "उचलला नसेल तिने."

"नसेलच," मी म्हटलं.

मॅच सुरू झाली. मॅडम पहिल्या रांगेत, हात मांडीवर. मी प्रत्येक शटलसोबत छताकडे बघत होतो. पण शिडी उंच शटल डावीकडे टाकतच नव्हती. एकदाही नाही. मागचा डावा कोपरा कोणी नुकताच पुसून ठेवल्यासारखी ती तो टाळत होती. सोपं शटल आलं तरी उजवीकडे, नाहीतर नेटला, नाहीतर सरळ बाहेर. पहिला गेम ताईने सहज घेतला. आईने माझं मनगट धरलं आणि ते सोडायचं विसरली.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्या कोपऱ्याला एवढं टाळायला तो माहीत असावा लागतो.

दुसऱ्या गेमच्या मध्यावर शिडी पिछाडीवर पडली. तिने रॅकेट काखेत धरली आणि पंचांना विचारलं, "सर, मी मागच्या डाव्या कोपऱ्यात मारू शकते का?"

पंच म्हणाले, "रेषेच्या आत कुठेही मारा."

"तसं नाही. मला एक माहिती मिळालीय. ती वापरली तर कारवाई आहे. आता मी तिथे मारलं तर ती वापरली असं होईल का?"

हॉलमध्ये टाचणी पडली असती तर लोकांनी तिलाही गप्प बसवलं असतं. पंचांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम उभ्या राहिल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "माहिती मिळण्याआधी आपण जसं खेळला असता, तसंच खेळावं."

शिडीने मनापासून विचार केला. "आधी मी तिथेच मारायचे. सगळेच मारतात. तो बॅकहँडचा कोपरा आहे."

"मग तिथे न मारणं हा माहितीचा वापर ठरेल," मॅडम म्हणाल्या.

पुढचं शटल उंच गेलं, छताच्या दिव्यांपर्यंत, आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात उतरायला लागलं. ताईने ते मारलं. पुढचंही मारलं. मी मोजत नव्हतो, मोजायची भीती वाटत होती. दुसरा गेम गेला. तिसऱ्यात चार-चार झाल्यावर एक शटल आलं तेव्हा ताई पोचली होती, वेळेत पोचली होती, आणि तिचा हात वर गेला नाही. शटल तिच्या पायाशी पडलं. त्यानंतरची सगळी तशीच पडली. ती प्रत्येकाखाली जाऊन उभी राहत होती.

शेवटी नेटपाशी शिडीने हस्तांदोलनाला डावा हात पुढे केला. ताईने तो धरला. "तू अनोळखी नंबर कधीपासून उचलायला लागलीस?" तिने विचारलं.

"बाळाची शाळा असते ना आता," शिडी म्हणाली. "उचलावाच लागतो." आणि ती रडायला लागली. ताईला तिला थोपटावं लागलं, तेही डाव्या हाताने आणि टाचा उंचावून.

चौकशीत असं निष्पन्न झालं, किंवा अजून झालेलं नाही, की कक्षाचा फोन येईपर्यंत आम्हा तिघांखेरीज कोणालाच काही माहीत नव्हतं. ताईने गुपित चोख पाळलं होतं. तिचं कौतुक करणारी दोन वाक्यंही निकालात आहेत. काल मॅडमचा फोन आला की प्रकरण बंद झाल्यामुळे ताईची सगळी माहिती नियमाप्रमाणे पुसली आहे, आणि ती आणखी कुठे शिल्लक राहिली असल्यास कुटुंबीयांनी लेखी कळवावं. ताई शेजारी बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "कळव की मग." विनोदाने म्हणाली नव्हती. म्हणून कळवतो आहे.

मा. पडताळणी अधिकारी यांस: सदर खेळाडूच्या खांद्याविषयीची माहिती प्रतिस्पर्धी खेळाडूच्या स्मरणात अद्याप शिल्लक असल्याचे आढळून आले आहे. सबब, ती तेथून पूर्वलक्षी प्रभावाने पुसून टाकण्यात यावी, आणि तिसरा गेम चार-चार या गुणसंख्येपासून, शनिवारच्याच दिवशी, पुन्हा खेळवण्यात यावा, ही नम्र विनंती.