टिनाखालचा फ्लेक्स

मी दौलतराव, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. मालेगावात घरामागं एक खोली काढून भाड्यानं देल्ली. माही बायको लिलाबाई पहिल्याच महिन्यात म्हनली, "भाडं सारं आपलं नसते. त्यातले पाचशे खोलीचे." अन् स्टीलचा डब्बा माह्या हवाली केला. छताचे टिनं बदलाची वेळ येईपर्यंत झाकन उघडाचं नाही.

म्या उघडलं. साठ वर्षांचा झालो न! चौकात माहा फ्लेक्स लावला, हा मोठ्ठा, गॉगल घालून. खाली लिहून घेतलं, 'शुभेच्छुक : मित्रपरिवार'. कायचा मित्रपरिवार? पैसा सारा डब्ब्यातला. वरून वीस जनांले मटन. लिलाबाईले सांगतलं, दोस्तांनी केलं. थे बिचारी खुश झाली. आता सांगाले लाज वाटते.

फेब्रुवारीत गारपीट झाली, टिनाले भोकं पडले. खोलीत सरिता राह्यते, शिलाई करते, एकटी बाई. म्हनली, "काकाजी, मशीनवर पानी गळून राह्यलं." म्या म्हनलं, "पाहू." महिनाभर पाहूच.

काल पुन्हा पानी आलं. पहिली तारीख होती, म्हनून लिलाबाईबी माह्यासंग भाडं घ्याले आली. सरितानं पूर्ण भाडं हातावर ठेवलं, एक रुपया कापला नाही. लिलाबाईनं वर पाह्यलं. टिनाखाली चारी कोपरे सुतळीनं बांधून मीच लटकलो होतो, गॉगलसकट. हनुवटीपाशी पान्याचा फुगा.

सरिता म्हनली, "चौकातून काढून फेकला होता, मी उचलून आनला. काकाजीच्या फोटोवर पानी नको पडाले, म्हनून तोंड खाली केलं."

धरती फाटती तं गेलो असतो आत.

"असं कायले बाई? टिनाचे पैसे हायेत न आपले!" लिलाबाई माह्याकडं वळली. "जा हो, डब्बा आना."

मी हाललोच नाही. तिनं माह्याकडं पाह्यलं, मंग वर. चौथी शिकलेली माही बायको, एक-एक अक्षर जुळवून वाचत गेली. 'मित्रपरिवार'पाशी थांबली. समजलं तिले.

भाड्याचे पैसे सरिताच्या हातात परत ठेवले. "हे टिनाले. पुढच्या महिन्याचंबी देऊ नको."

अन् निघून गेली. सरिताले काही उमगलं नाही. तिनं स्टूल सरकवला, नेमका फ्लेक्सखाली. "बसा न काकाजी, चहा ठेवतो."

बसलो. वर पाहाची हिंमत झाली नाही.