लई हलकं वाटतंय

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरला एका दवाखान्यात वॉर्डबॉय होतो. खर्ड्याचे रंगनाथराव न्युमोनिया होऊन आले तेव्हा त्यांच्यासाठी दोन खाटा एकमेकींना बांधाव्या लागल्या, एवढं त्यांचं अंग. समोरच्या खाटेवरचा कारभारी नावाचा म्हातारा म्हणाला, "आमी दुष्काळात वाळलो, ह्यो कुठं जेवत हुता?" रंगनाथरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दया सिस्टरनं कारभारीला एवढंच विचारलं, "तुमचं अंग मी कधी तोललं का, बाबा?"

सपाट निजवलं की स्वतःच्याच वजनानं त्यांचा श्वास कोंडायचा, म्हणून तिनं पाठीशी उशा रचून त्यांना बसतं ठेवलं, आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी आम्ही चौघं अंगाखालची चादर धरून त्यांना कुशीवर घ्यायचो. प्रत्येक वेळी ती आधी विचारायची, "वळायचं का, भाऊ?" पोटाच्या वळ्यांतला घाम ती तान्ह्या बाळाचा पुसावा तसा पुसायची. तसे हात मी पुन्हा पाहिले नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी वळवायला तिघं पुरले, संध्याकाळी दोघं. अंग तर तेवढंच होतं.

"सिस्टर, तुमच्या हाताचा गुण," मी म्हणालो.

ती हसली नाही. "हे त्यांच्यासमोर बोलू नका."

पाचव्या दिवशी सकाळी त्यांची बायको छबूबाई पेज घेऊन आली आणि दुखणाइताला आपण सगळेच विचारतो तसं तिनं मायेनं विचारलं, "अवो, आता हलकं वाटतंय का?"

"व्हय," ते म्हणाले, "लई हलकं वाटतंय."

त्यांच्या प्रत्येक श्वासाला करकरणाऱ्या खाटा गप्प झाल्या. उशीत डोक्यानं पडलेला खळगा हळूहळू भरून आला. श्वास बारीक होत चालला.

दया सिस्टर धावत आली. चादरीची दोन्ही टोकं त्यांच्या अंगावरून ओढून तिनं मुठीत धरली आणि कानाशी वाकून म्हणत राहिली, "अजून नाही, भाऊ. जड व्हा. जड व्हा." तासभर ती तशीच उभी होती. मग खाटा करकरल्या. रंगनाथरावांनी छाती भरून श्वास घेतला आणि पेज मागितली. छबूबाईनं रडत सिस्टरचे पाय धरले.

दुपारी ड्यूटी संपल्यावर सिस्टर व्हरांड्याचा खांब धरून माझी वाट पाहत होती.

"सहादेवभाऊ, फाटकापर्यंत माझ्या खांद्यावर हात ठेवून चला. वारा फार सुटलाय."

अंगणातल्या लिंबाचं पानही हलत नव्हतं. मी हात ठेवला, आणि फाटकाशी पोचल्यावर तो काढायचं मला धाडस होईना.